उसनं श्रेय

पाळी यायला आठ-दहा दिवस उरले की स्तन जड होतात, ठणकतात, कुशीवर वळताना आणि जिना उतरताना जाणवत राहतात. पाळी सुरू झाली की दोन-तीन दिवसांत सगळं ओसरतं. या तक्रारीवर आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. एक घरातलं: बायकांना हे व्हायचंच, एवढं मनावर घेऊ नकोस. दुसरं दवाखान्यातलं, आणि आता केमिस्टच्या काउंटरवरचंही: ही कॅप्सूल तीन महिने घ्या, नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाहीत. पहिलं उत्तर निष्ठुर आणि दुसरं कनवाळू, असं आपण धरून चालतो. मला दोन्ही एकाच घराण्यातली वाटतात. दोन्हींत बाईचं बोलणं लवकर आटोपतं. दुसऱ्यात तिच्या हाती पावती येते, एवढाच फरक.

या कॅप्सूलींवरची चर्चा बहुतेक वेळा ‘गुण येतो की नाही’ या एका प्रश्नापाशी अडते. एक बाजू म्हणते, माझ्या बहिणीला आला. दुसरी म्हणते, सगळा बाजार आहे. दोघीही उथळ बोलतात, कारण दोघीही बरं वाटणं आणि कॅप्सूल यांची गाठ आधीच मारून ठेवतात. माझा दावा असा: कॅप्सूल घेणाऱ्या पुष्कळ स्त्रियांना बरं वाटतं, ते बरं वाटणं खरं असतं, आणि त्याचं श्रेय कॅप्सूलला जवळजवळ कधीच जात नाही. ते दुखण्याच्या चढउताराला, भीती जाण्याला आणि कुणीतरी लक्ष घालण्याला जातं. श्रेय चुकीच्या खात्यावर जमा होत राहिलं की ज्यांचं ते आहे त्या गोष्टी द्यायच्या आणि मागायच्या राहून जातात. औषधशास्त्राच्या चुकीपेक्षा हे नुकसान मोठं आहे.

दुखणं खरं आहे, हे आधी

सप्लिमेंटवर टीका करणारे पुष्कळदा नकळत ‘हे सगळं मनाचे खेळ’ या टोकाला जातात. म्हणून पाया आधी पक्का करू. स्तनदुखी घेऊन येणाऱ्या स्त्रियांपैकी साधारण दोन-तृतीयांश जणींचं दुखणं पाळीच्या चक्राशी बांधलेलं असतं. ते सहसा दोन्ही बाजूंना असतं, वरच्या-बाहेरच्या भागात जास्त, कधी काखेपर्यंत जाणारं. उरलेल्यांचं चक्राशी नातं नसतं. त्यात स्नायूंचं, बरगड्यांच्या सांध्यांचं दुखणंही येतं.

वैद्यकाने याला मनाचा दोष मानण्याचा इतिहास जुना आहे. लंडनचे शल्यचिकित्सक सर ॲस्टली कूपर यांनी 1829 साली स्तनांच्या आजारांवर मोठा ग्रंथ लिहिला, आणि त्यातही अशा रुग्ण स्त्रियांच्या चिडखोर, हळव्या प्रकृतीकडे बोट होतं. पुढची दीडशे वर्षं हा समज टिकला. तो तपासून पाहायचं काम वेल्समधल्या कार्डिफच्या शल्यचिकित्सकांनी केलं. तिथे 1973 पासून केवळ स्तनदुखीसाठी वेगळं क्लिनिक चालत असे. 1978 साली त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं, की स्तनदुखीच्या रुग्ण स्त्रिया मानसिक चाचण्यांत पायाच्या फुगलेल्या शिरांसाठी दवाखान्यात येणाऱ्या स्त्रियांसारख्याच निघाल्या. म्हणजे सर्वसामान्य. त्याआधी, 1975 साली, याच गटाने दुसरा एक आवडता समज मोडला होता: शरीरात पाणी साचतं म्हणून दुखतं, हा. एकूण पाणी मोजलं तर फरक सापडला नाही. तरीही लघवी वाढवणाऱ्या गोळ्या पुढे कित्येक वर्षं लिहिल्या गेल्या.

मग दुखतं का? चक्राच्या उत्तरार्धात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन स्तनांच्या नलिका आणि ग्रंथींना वाढायला लावतात. प्रोलॅक्टिनही त्यात असतं. दुखणाऱ्या स्त्रीच्या रक्तात ही संप्रेरकं मोजली तर बहुधा न दुखणाऱ्या स्त्रीइतकीच भरतात. काहींत प्रोलॅक्टिनचा प्रतिसाद जरा तिखट असतो, एवढं सापडलं आहे. एकूण चित्र असं, की संप्रेरकं सर्वसाधारण आणि ऊती मात्र जास्त संवेदनशील. का, याचं नेमकं उत्तर नाही. आणि ज्या दुखण्याला नेमकं कारण नसतं त्याला ‘कशाची तरी कमतरता’ हे कारण फार लवकर चिकटतं. कमतरता म्हटलं की बाटलीत भरून देता येते.

एका तेलाची चढती आणि उतरती

ईव्हनिंग प्रिमरोझ ही मूळची उत्तर अमेरिकेतली वनस्पती. तिची पिवळी फुलं संध्याकाळी उमलतात. तिच्या बियांच्या तेलात गॅमा-लिनोलेनिक आम्ल असतं. डेव्हिड हॉरोबिन या ब्रिटिश संशोधक-उद्योजकाने या आम्लाभोवती एक देखणा सिद्धांत उभा केला. साध्या खाद्यतेलातल्या लिनोलेइक आम्लापासून शरीर हे आम्ल बनवतं, त्यातून पुढे दाह शमवणारी काही द्रव्यं तयार होतात. काही स्त्रियांत ही साखळी मंद असते, म्हणून त्यांच्या ऊती सर्वसाधारण संप्रेरकांनाही जास्त प्रतिसाद देतात. तेव्हा मधली कडी वरून पुरवा. कारण न सापडलेल्या दुखण्याला कारण मिळालं आणि त्याच वाक्यात उपायही. सिद्धांत इतका नीटनेटका असला की मला त्याचीच भीती वाटते; पण हे मागाहूनचं शहाणपण.

1985 साली कार्डिफच्या गटाने लॅन्सेटमध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला. चक्राशी निगडित दुखण्यात डॅनाझोल या औषधाने 70 टक्के, ब्रोमोक्रिप्टीन या औषधाने 47 टक्के आणि या तेलाने 45 टक्के स्त्रियांना उपयुक्त गुण आल्याची नोंद त्यात आहे. डॅनाझोलने आवाज घोगरा होतो, ओठांवर लव येते, वजन वाढतं. ब्रोमोक्रिप्टीनने मळमळ आणि चक्कर. तेलाने जवळजवळ काहीच नाही. मग कुठलाही सहृदय डॉक्टर आधी काय देईल? ब्रिटनमध्ये एफामास्ट या नावाने ते रीतसर परवाना असलेलं औषध झालं. तिथून ते पाठ्यपुस्तकांत गेलं, पाठ्यपुस्तकांतून आपल्या ओपीडीत आलं आणि अजून तिथेच आहे.

त्या 45 टक्क्यांत एक गोष्ट नव्हती: दिसायला तशीच पण आत काहीच कामाचं नसलेली कॅप्सूल, म्हणजे प्लासिबो, घेणारा शेजारचा गट. तो मोठ्या प्रमाणावर आला तेव्हा चित्र पालटलं. 2002 साली नेदरलँड्समधून तीव्र आणि जुन्या स्तनदुखीच्या 120 स्त्रियांची चाचणी प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी दुखण्याचे दिवस प्रिमरोझ तेलाने 12.3 टक्के कमी झाले होते, तुलनेसाठी दिलेल्या साध्या तेलाने 13.8 टक्के. माशाच्या तेलानेही निर्णायक फरक दाखवला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रिटनच्या औषध नियंत्रण यंत्रणेने, परिणामकारकतेचा पुरेसा पुरावा नाही म्हणून, एफामास्टचा परवाना काढून घेतला. इसबासाठी विकल्या जाणाऱ्या एपोगॅम या त्याच्या भावंडाचाही. 2005 साली 555 स्त्रियांची चाचणी आली. तीत जीवनसत्त्वं आणि खनिजांची जोडही तपासली होती. चारही गटांत, प्लासिबोच्या गटातसुद्धा, दुखणं सुमारे 35 टक्क्यांनी उतरलं. 2007 साली दिल्लीच्या एम्समधल्या शल्यचिकित्सकांनी सगळ्या यादृच्छिक चाचण्या एकत्र करून विश्लेषण केलं: डॅनाझोल, ब्रोमोक्रिप्टीन, टॅमॉक्सिफेन या औषधांचा परिणाम दिसतो, प्रिमरोझ तेलाचा दिसत नाही.

एक गोष्ट इथे मुद्दाम नोंदवावीशी वाटते. 1985, 2005 आणि 2007 या तिन्ही शोधनिबंधांवर रॉबर्ट मॅन्सेल हे एक नाव सामाईक आहे. ज्याने तेलाला प्रतिष्ठा मिळवून देण्यात हातभार लावला, त्यानेच ते पुन्हा कसोटीला लावलं आणि निकाल छापला. विज्ञानाची फुशारकी मारणाऱ्यांनी सांगण्यासारखी ही गोष्ट. पण ती सांगितली जात नाही, कारण तिच्यात विकण्यासारखं काही नाही.

मग बरं का वाटतं?

ते 35 टक्के मला या विषयातला सर्वांत महत्त्वाचा आकडा वाटतो. लोक तो ‘प्लासिबो’ म्हणून झटकून टाकतात. त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी गुंतलेल्या आहेत.

पहिली, दुखण्याची स्वतःची भरती-ओहोटी. चक्रीय स्तनदुखी दर महिन्याला सारखी नसते. एका चक्रात असह्य होते, पुढच्या दोन-तीन चक्रांत बोथट होते. काहींत उपचाराविनाच महिनोन्‌महिने गायब होते आणि परत येते. बाई डॉक्टरकडे केव्हा जाते? सगळ्यांत वाईट महिन्यात. तिथून पुढचा रस्ता बहुतेक वेळा उताराचाच असतो. पाऊस लांबला की गावात धोंडी काढतात. ती निघते तोवर आषाढ तोंडावर आलेला असतो, आणि पाऊस धोंडीच्या नावावर जमा होतो. ‘तीन महिने घ्या, लगेच गुण येणार नाही’ या सूचनेचं मर्म इथे आहे. ती सूचना देणारा खोटं बोलत नसतो. तेलाचा परिणाम सावकाश दिसतो असं त्याला शिकवलेलं असतं. पण कुठलाही महिन्यागणिक वर-खाली होणारा त्रास शिखरावर पकडून तीन महिने थांबलात तर आराम पडण्याचीच शक्यता जास्त. त्या काळात काय गिळलं, याने फारसा फरक पडत नाही.

दुसरी, कर्करोगाची भीती. भारतातल्या स्त्रियांमध्ये आज स्तनांचा कर्करोग सर्वांत जास्त आढळतो, आणि प्रत्येकीच्या ओळखीत एक तरी घटना असते. स्तन दुखला की मनात पहिला विचार तोच येतो. तो बोलून दाखवणाऱ्या मात्र थोड्या. दोन्ही बाजूंना, पाळीच्या हिशेबाने होणारं, गाठ नसलेलं दुखणं हे कर्करोगाचं लक्षण असण्याची शक्यता फार कमी असते. हे वाक्य, नीट तपासणी करून, समोर बसून सांगितलं तर काय होतं? ब्राझीलमध्ये 1999 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 121 स्त्रियांना तपासणीनंतर केवळ समजावून सांगण्यात आलं. सौम्य दुखणं असलेल्या 85.7 टक्के, मध्यम 70.8 टक्के आणि तीव्र दुखणं असलेल्या 52.3 टक्के स्त्रियांना त्यानेच आराम पडला.

इथे चोखंदळ वाचक मला अडवील, आणि अडवावंच. या अभ्यासात तुलनेचा गट नाही. मग तेलाला लावलेला नियम धीराच्या शब्दांना का लावत नाही? लावतो. या आकड्यांतला काही भाग त्या भरती-ओहोटीचाच आहे. पण म्हणून माझ्या मुद्द्याला बाधा येत नाही. तपासणी आणि समजावणी ही प्रत्येक उपचाराच्या आधी येणारी, कुठल्याही परिस्थितीत द्यावीच लागणारी गोष्ट आहे. प्रश्न एवढाच, की तिच्यावर तेलाची कॅप्सूल ठेवल्याने अधिक काही मिळतं का? त्याचं उत्तर 555 स्त्रियांनी दिलेलं आहे.

तिसरी, लक्ष दिलं जाणं. चाचणीतल्या प्रत्येक स्त्रीला कुणीतरी ठरावीक वेळी भेटतं, विचारतं, लिहून घेतं. कार्डिफमध्ये स्त्रियांना रोजच्या दुखण्याचा तक्ता भरायला देत. किती दिवस, किती तीव्र. तो तक्ता भरणारी बाई हळूहळू आपल्या दुखण्याची जाणकार होते. ते केव्हा येणार आणि केव्हा जाणार हे तिला कळतं. ज्याचा शेवट ठाऊक आहे ते दुखणं सोसायला सोपं जातं. आपल्या गर्दीच्या ओपीडीत भीती घालवणं आणि लक्ष देणं, यांतलं काहीच घडत नाही. घडते ती फक्त चिठ्ठी. म्हणून श्रेय घ्यायला कॅप्सूल तेवढी हजर असते.

बाकीची मंडळी

व्हिटॅमिन ई ची हिरवी कॅप्सूल आपल्याकडे केसांपासून पायांतल्या पेटक्यांपर्यंत सगळ्याला चालते. स्तनदुखीशी तिचं नाव 1960 च्या दशकात जोडलं गेलं. 1985 साली अमेरिकेत 128 स्त्रियांवर तीन वेगवेगळ्या मात्रा आणि प्लासिबो असा नीट सामना लावला; फरक निघाला नाही. मेयो क्लिनिकने 2010 साली ई आणि प्रिमरोझ दोन्ही, वेगवेगळी आणि एकत्र, 85 स्त्रियांत तपासली. सांख्यिकी कसोटीवर कुणीच प्लासिबोच्या पुढे गेलं नाही, जरी किंचित कल दिसल्याचं लेखकांनी नोंदवलं. त्या किंचित कलावर आज कितीतरी जाहिराती उभ्या आहेत.

बी-6 चं तसंच. चहा-कॉफी बंद करण्याचा सल्ला हे याच गोष्टीचं उलटं रूप. तिथे कमतरतेऐवजी आगंतुक दोषी धरला. तो सल्ला 1979 च्या आसपास गाजला, पुढच्या तुलनात्मक चाचण्यांत टिकला नाही, आणि आपल्या कितीतरी बायकांचा दुपारचा चहा मात्र फुकट गेला.

जवसाची बाब जरा निराळी. कॅनडात रोज 25 ग्रॅम जवस घातलेला मफिन देऊन चाचणी झाली, निकाल अनुकूल आला, आणि तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2006 च्या मार्गदर्शक सूचनांत जवसाला पहिल्या फळीत जागा दिली. चाचण्या थोड्या आणि छोट्या आहेत. माझ्या मते एवढ्यावर ती जागा फार घाईने दिली. पण जवस हे अन्न आहे. विदर्भात, मराठवाड्यात चटणी म्हणून ते ताटात असतंच. आवडत असेल तर खावं. त्याची कॅप्सूल करून महिन्याचा कोर्स म्हणून विकायला लागलं की मग प्रश्न विचारायला हवेत.

आणि व्हायटेक्स ॲग्नस-कास्टस. ही आपल्या निर्गुडीच्याच कुळातली भूमध्य प्रदेशातली चुलत बहीण. हिच्या फळांच्या अर्काने युरोपातल्या काही प्लासिबो-नियंत्रित चाचण्यांत चक्रीय स्तनदुखी खरोखर कमी केली. सगळ्या यादीत पुरावा बरा म्हणावा असा हिचाच. पण ती का लागू पडते ते पाहा: तिच्यातली द्रव्यं मेंदूतल्या डोपामाइनच्या ग्राहकांवर बसतात आणि प्रोलॅक्टिन घटवतात. ब्रोमोक्रिप्टीनचा मार्गही तोच. म्हणजे जी वनस्पती लागू पडते ती पोषण म्हणून लागू पडत नाही, औषध म्हणून पडते. मग औषधाचे नियम तिलाही हवेत: मात्रा, गरोदरपणात वर्ज्य, मनोविकारांच्या किंवा पार्किन्सनच्या औषधांसोबत सावधगिरी. यावरून परसातल्या निर्गुडीचा काढा करून पिणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की चाचण्या त्या दुसऱ्या झाडाच्या फळांच्या ठरावीक अर्काच्या आहेत.

‘घेतलं तर बिघडतं काय?’

सगळा पुरावा मांडून झाल्यावर हा प्रश्न येतोच, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

बिघडतं ते थोडं शरीराचं. बी-6 जास्त मात्रेत महिनोन्‌महिने घेतलं तर हातापायांच्या नसांना इजा होते. 1983 सालीच हे प्रसिद्ध झालं. व्हिटॅमिन ई मोठ्या मात्रेत रक्त गोठण्यात अडथळा आणतं, आणि पुरुषांवरच्या एका प्रचंड अमेरिकन चाचणीत रोज 400 युनिट घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग 17 टक्क्यांनी वाढल्याचं 2011 साली दिसलं. ते पुरुष होते. हा आकडा स्त्रियांना लावता येणार नाही. ‘जीवनसत्त्व आहे, नुकसान कसलं?’ हा युक्तिवाद मात्र त्याने संपतो. प्रिमरोझ तेल या मानाने निरुपद्रवी. थोडी मळमळ, पोट सैल होणं. त्याच्यावर मी जहराचा आरोप करत नाही.

जास्त बिघडतं ते संधीचं. आपल्याकडे बाई स्वतःहून स्तनांची तक्रार घेऊन डॉक्टरपुढे बसते, हा दुर्मीळ क्षण असतो. त्यासाठी तिने संकोच, घरचं काम, सोबतीला कुणी मिळणं असे अडथळे ओलांडलेले असतात. त्या क्षणाला किती किंमत आहे हे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने दाखवलं आहे. 1998 पासून त्यांनी वस्त्यांमधल्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षं अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या गटाच्या स्तनांची तपासणी दर दोन वर्षांनी, प्रशिक्षित आरोग्य-कार्यकर्तींच्या केवळ हातांनी, यंत्राविना होत होती. 2021 साली आलेल्या निकालात सर्व वयांच्या स्त्रियांत मिळून स्तनांच्या कर्करोगाच्या मृत्यूंतली घट ठामपणे सिद्ध झाली नाही. 50 वर्षांवरच्या स्त्रियांत मात्र ती जवळपास 30 टक्के होती. हातांनी केलेली तपासणी एवढं करू शकते. आणि स्तनदुखीची तक्रार सांगणाऱ्या किती जणींना त्या दिवशी पडद्याआड नेऊन तपासलं जातं? टेबलाच्या पलीकडूनच कॅप्सूल लिहिली, की तपासणी टळते आणि तपासल्याचं समाधान मात्र दोन्ही बाजूंना मिळतं.

‘प्लासिबो का होईना, आराम आहे ना?’

या आक्षेपाला मी सगळ्यांत जास्त मान देते. दुखणाऱ्या माणसाला तत्त्वज्ञान नको असतं. पण एक हिशेब करू. ज्यांना सौम्य किंवा मध्यम त्रास आहे त्यांना जो आराम कॅप्सूलसोबत मिळतो, तो बहुतांशी कॅप्सूलविना मिळणार आहे. तीव्र त्रास असलेल्या, रात्री झोपमोड होणाऱ्या, मुलाला जवळ घेता न येणाऱ्या बाईचं काय? ब्राझीलच्या अभ्यासात अशा जवळपास निम्म्या जणींना केवळ धीराने भागलं नाही. हिलाच खऱ्या उपचाराची गरज असते, आणि हिचेच सहा महिने तेलात जातात: तीन महिने पहिल्या ब्रँडचे, गुण नाही म्हणून तीन दुसऱ्या ब्रँडचे. मग ती ‘मला काहीच लागू पडत नाही’ असं म्हणत यायचंच सोडते. प्लासिबोचं समर्थन करणारे सौम्य त्रासाच्या बहुसंख्येकडे पाहून बोलतात. किंमत तीव्र त्रासाची अल्पसंख्या मोजते.

आणि ‘चाचण्या सरासरीच्या, मला मात्र लागू पडतं’ असं म्हणणारीला माझं सांगणं वादाचं नाही. कॅप्सूल सुरू करण्याआधी दोन चक्रं रोजच्या दुखण्याला शून्य ते दहा आकडा देऊन लिहून ठेवा. मग घेऊन लिहा. मग बंद करून लिहा. बहुतेक जणी पहिला टप्पा गाळतात, आणि तो गाळला की पुढचं सगळं आठवणींच्या भरवशावर चालतं.

मग द्यायचं काय?

आधी तपासणी. एकाच बाजूला, एकाच जागी टिकून राहणारं दुखणं, हाताला लागणारी गाठ, बोंडातून रक्त, त्वचेला खळगा: यांतलं काही असेल तर हा लेख बाजूला ठेवून शल्यचिकित्सक गाठावा. चालू गोळ्याही पाहाव्यात. गर्भनिरोधक किंवा संप्रेरकांच्या गोळ्यांनी स्तन दुखतात आणि पुष्कळदा ब्रँड किंवा मात्रा बदलूनच काम होतं.

मग मापाची, आधार देणारी ब्रा. सौदी अरेबियातल्या 200 स्त्रियांच्या अभ्यासात स्पोर्ट्‌स ब्रा वापरणाऱ्यांपैकी 85 टक्के जणींना आराम पडला, डॅनाझोल घेणाऱ्यांपैकी 58 टक्के. अर्थात ब्राचा प्लासिबो करता येत नाही, तेव्हा हा आकडाही हातचं राखूनच घ्यावा. पण इथे गमावण्यासारखं काही नाही. आपल्याकडे पुष्कळ ब्रा मापाविना, दुकानदाराने अंगावरून नजर टाकून दिलेल्या असतात, हे कुठल्याही बाईला विचारा.

त्यानंतर दुखऱ्या भागावर लावायचं डायक्लोफेनॅकचं जेल. तुर्कस्तानातल्या प्लासिबो-नियंत्रित चाचणीत त्याने स्पष्ट फरक दाखवला. कंबरेला आणि गुडघ्याला सर्रास लावलं जाणारं हे जेल स्तनांसाठी मात्र कुणी सुचवत नाही. मला यात वैद्यकीय कारणापेक्षा संकोच जास्त दिसतो.

याउपर उरणाऱ्या तीव्र दुखण्याला कमी मात्रेतलं टॅमॉक्सिफेन, क्वचित डॅनाझोल, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. आणि एक औषध आपलंच आहे. लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने गर्भनिरोधक म्हणून विकसित केलेलं सेंटक्रोमन, म्हणजे ‘सहेली’ आणि सरकारी केंद्रांवर मिळणारी ‘छाया’. भारतीय शल्यचिकित्सकांनी स्तनदुखीत त्याच्या चाचण्या घेतल्या, गुण दिसला आणि वापरही होतो. पाळी लांबते, काहींत बीजकोशात पाण्याची गाठ होते, गर्भधारणा हवी असणाऱ्यांना चालत नाही. तेव्हा तेही सरसकट वाटण्यासारखं नव्हे. पण त्याच्याबद्दल निदान भांडता येतं, कारण त्याच्या नावावर परिणाम आणि दुष्परिणाम दोन्ही मांडलेले आहेत.

दोन फळ्या

ब्रिटनमध्ये 2002 साली प्रिमरोझ तेलाचा औषधाचा परवाना गेला, तेल मात्र दुकानातून गेलं नाही. ते औषधांच्या फळीवरून उतरून पूरक आहाराच्या फळीवर जाऊन बसलं. तिथे बसण्यासाठी परिणाम सिद्ध करावा लागत नाही. परीक्षेत नापास झालेल्याला परीक्षा नसलेल्या वर्गात बसवलं, असा हा प्रकार. भारतात 2006 चा अन्नसुरक्षा कायदा आणि त्याखालचे नियम अशा उत्पादनांना अन्न मानतात, आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना वेष्टनावर छापायला लावतात. ती सूचना बारीक अक्षरांत छापलेली असते. तेच वेष्टन डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, औषधाच्या चिन्हाखाली, दिवसातून दोनदा जेवणानंतर म्हणून लिहिलं जातं. वेष्टन आणि चिठ्ठी दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, आणि बाई विश्वास ठेवते तो चिठ्ठीवर.

मी बंदी मागत नाही. बंदीने तेल काळ्या बाजारात जाईल आणि त्याची किंमत वाढेल. मागणं एवढंच, की जो डॉक्टर ही कॅप्सूल लिहितो त्याने तपासणी झाल्यावर सांगावं: हिची तुलना साध्या तेलाच्या कॅप्सूलशी झाली आहे आणि दोन्ही सारख्या ठरल्या, पुढचे दोन-तीन महिने तुमचं दुखणं तसंही कमी होण्याचा संभव आहे, कमी नाही झालं तर या, दुसरे उपाय आहेत. एवढं ऐकूनही काही जणी ती विकत घेतील. त्यांनी जरूर घ्यावी. निर्णय त्यांचा आणि पैसे त्यांचे. पण तीन महिन्यांनी दुखणं तसंच राहिलं, तर दुसऱ्या ब्रँडच्या शोधात काउंटरवर न जाता दवाखान्यात परत यायचं, हे त्यांना ठाऊक असेल.